रूळ आणि वेळापत्रक : बीदर–कलबुर्गी लोहमार्गाविषयी



गुरुजींच्या स्मरणार्थ योजलेल्या या व्याख्यानासाठी मी आगगाडीसारखा रूक्ष विषय निवडला, याचे काहींना नवल वाटेल. परंतु सीमाभागातील माणसाचे शिक्षण, व्यापार आणि सोयरीक या तिन्ही गोष्टी रुळांशी बांधलेल्या आहेत.

रोजच्या ये-जा करणाऱ्यांची गाडी म्हटली की मुंबई डोळ्यांपुढे येते. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गाडी धावली, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. त्या मानाने 3 फेब्रुवारी 1925 ही तारीख कोणाच्या लक्षात नसते. त्या दिवशी व्हिक्टोरिया टर्मिनसहून कुर्ल्यापर्यंत, हार्बरच्या वाटेने, विजेची गाडी सुरू झाली. 1928 साली कुलाबा–बोरिवली मार्गही विजेवर आला. या गाडीला दोन्ही टोकांस चालकाची खोली असते. शेवटच्या स्थानकावर इंजिन सोडवून दुसऱ्या बाजूला जोडावे लागत नाही, आणि प्रत्येक थांब्यानंतर ती चटकन वेग घेते. फेऱ्या वाढवता आल्या त्या यामुळे. माझे मत असे की, उपनगरी रेल्वे घडते ती वेळापत्रकाने. रूळ ही केवळ तिची पूर्वतयारी होय.

आता आपल्या मुलखाकडे वळू. सोलापूरहून निघालेला जी. आय. पी. रेल्वेचा मार्ग गुलबर्ग्यावरून 1871 साली रायचूरला पोहोचला. 1874 मध्ये वाडीहून हैदराबादकडे निजामाची गाडी सुरू झाली. पुढे विकाराबादहून जहीराबाद, बीदर, भालकी, कमालनगर, उदगीर असा परळीपर्यंतचा मार्ग झाला. हा लोहमार्ग घातला तेव्हा ही सारी गावे एकाच संस्थानात होती. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत जुना बीदर जिल्हा तीन राज्यांत विभागला गेला : उदगीर, अहमदपूर, निलंगा मुंबई राज्यात, जहीराबाद, नारायणखेड आंध्रात, आणि बीदर, भालकी, औराद, हुमनाबाद म्हैसूर राज्यात. नकाशावर रेघा पडल्या, गाडी मात्र तशीच त्या ओलांडत राहिली. आमच्याकडे मामाचे गाव एका राज्यात आणि शाळा दुसऱ्या राज्यात, हे काही विशेष नव्हे.

बीदरहून गुलबर्ग्याला मात्र थेट रूळ नव्हते. रेल्वेने जायचे तर विकाराबाद आणि वाडी असा दुपटीहून लांब वळसा. सुमारे 110 किलोमीटरचा नवा मार्ग गेल्या शतकाच्या अखेरीस मंजूर झाला आणि 29 ऑक्टोबर 2017 रोजी पंतप्रधानांच्या हस्ते पूर्णपणे खुला झाला. खानापूरला जुन्या मार्गापासून फुटून तो हुमनाबाद, कमलापूरवरून कलबुर्गीस जातो; वाटेत मरगुत्तीजवळ डोंगर पोखरून बोगदा काढावा लागला. त्यावर डेमू गाडी धावू लागली, म्हणजे डिझेलवर चालणारी, पण मुंबईच्या गाडीप्रमाणेच दोन्ही टोकांस चालकाची खोली असलेली. साधन तर योग्यच मिळाले.

अडचण अन्यत्र आहे. मार्ग एकेरी आहे. समोरून येणारी गाडी स्थानकातील दुसऱ्या रुळावर घेतल्यावाचून पुढची वाट मिळत नाही, म्हणून एकीचा उशीर दुसरीच्या वाट्याला येतो. शिवाय बीदर दक्षिण मध्य रेल्वेच्या सिकंदराबाद विभागात, तर कलबुर्गी मध्य रेल्वेच्या सोलापूर विभागात. एका गाडीची वेळ बदलायची तर दोन घरांचा होकार हवा! कलबुर्गीस स्वतंत्र विभाग करण्याची घोषणा 2014 साली झाली होती, ती याच कारणासाठी स्मरणात ठेवावी.

कलबुर्गीस 1980 पासून विद्यापीठ आहे, 2008 पासून उच्च न्यायालयाचे पीठ आहे. भालकीच्या पक्षकाराला न्यायालय उघडण्यापूर्वी पोहोचता आले नाही, तर आदल्या रात्रीच्या मुक्कामाचा खर्च त्याच्या माथी पडतो. ज्या मुलीला संध्याकाळी परतीची गाडी नाही, तिचे पालक वसतिगृहाचा हिशेब मांडतात आणि पुष्कळदा तिचे शिक्षणच थांबवतात.

म्हणून आपल्या निवेदनांत 'आणखी गाड्या द्या' असे मोघम लिहू नये. सकाळी दहाच्या आत कलबुर्गीस पोहोचवणारी एक गाडी, सायंकाळी सहानंतर तेथून सुटणारी दुसरी, आणि तिला खानापुरास उदगीरकडची जोडगाडी, एवढे तीन मुद्दे वेळांसह लिहावेत, आणि त्या निवेदनाची एक प्रत सिकंदराबादला, दुसरी सोलापूरला पाठवावी.