रात्रपाळीचा मुका कारकून

कोणत्याही कचेरीची खरी संपत्ति तिजोरींत नसून दप्तरांत असते. गेलेला पैसा पुन्हां मिळवितां येतो. परंतु कोणाचें देणें किती, कोणाची जमीन कोणती, कोणत्या रोग्यास कोणतें औषध सोसत नाहीं, हें सांगणारी नोंदच नाहींशी झाली, तर ती कोठून आणावयाची? हल्लीं हें दप्तर कपाटांतून निघून सर्व्हर नांवाच्या संगणकांत जाऊन बसलें आहे. कपाटास वाळवी लागे, तशा या यंत्रासही आपल्या व्याधी आहेत. चकती झिजते, वीज दगा देते, आणि सर्वांत वाईट म्हणजे माणसाचा हात चुकतो. म्हणून दप्तराची दुसरी प्रत नित्य काढून ठेवावी लागते. तिलाच बॅकअप म्हणतात.

हें काम बहुधा रात्रीं करितात. दिवसा शेंकडों माणसें नोंदी बदलीत असतात. अशा वेळीं प्रत काढूं गेल्यास ती अर्धी जुनी आणि अर्धी नवी निघण्याचें भय असतें. परंतु रोज रात्रीं जागणार कोण? याकरितां युनिक्स जातीच्या यंत्रांत क्रॉन नांवाचा एक सेवक ठेवलेला असतो. त्याचा जन्म अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंतला. १९७९ सालीं निघालेल्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तींत तो होता. पुढें पॉल व्हिक्सी यांनीं १९८७ सालीं त्याची सुधारलेली आवृत्ति लिहिली, आणि तिचा वंश कित्येक यंत्रांवर अद्याप नांदत आहे.

या सेवकास हुकूम द्यावयाचा तो एका ओळींत. आरंभीं पांच रकाने: मिनिट, तास, महिन्याची तारीख, महिना आणि वार, त्यांच्यापुढें करावयाचें काम. रकान्यांत तारका असली, म्हणजे तेथें कोणतेंही मूल्य चालेल असें समजावें. '३० २ * * ०' एवढें लिहिलें, कीं दर रविवारीं पहाटे अडीच वाजतां तें काम सुरू व्हावयाचेंच. रजा नाहीं, कुरकुर नाहीं, बक्षिसाची अपेक्षा नाहीं.

मात्र हा कारकून आज्ञाधारक असला तरी शहाणा नाहीं. तारखेच्या रकान्यांत १ आणि वाराच्या रकान्यांत रविवार लिहून, 'पहिली तारीख रविवारीं आली तरच काम होईल' अशा समजुतींत कोणी राहिला, तर तो फसतो; काम दर पहिल्या तारखेस होतें आणि दर रविवारींही होतें. हुकुमांत टक्क्याचें चिन्ह साधेंच लिहिलें, तर ओळ तेथेंच संपली असें तो समजतो. दिवसा हातानें दिलेला हुकूम बिनचूक चालतो आणि रात्रीं तोच अडतो. कारण हत्यारें कोणकोणत्या फडताळांत आहेत याची माणसापाशीं असलेली यादी लांब असते, याच्यापाशीं असलेली फार तोकडी. म्हणून प्रत्येक हत्याराचा पुरा पत्ता हुकुमांतच लिहिणें बरें. नेमक्या अडीच वाजतां यंत्र बंद असेल, तर चुकलेलें काम हा सेवक सकाळीं आपण होऊन भरून काढीत नाहीं. आणि कालचें काम संपण्यापूर्वींच आजचें काम सुरू झालें, तर दोन्ही एकमेकांच्या पायांत येतात. दप्तर वर्षानुवर्षें वाढत गेलेल्या जुन्या यंत्रावर हें हटकून घडतें. यावर उपाय कुलुपाचा. पहिलें काम चालू असेतों दुसऱ्यानें दाराबाहेर थांबावें, अशी योजना हुकुमांतच करितां येते.

परंतु याहून मोठा धोका निराळाच आहे. काम होत नाहीं आणि तें कोणास कळतही नाहीं, हा तो धोका. याचें प्रसिद्ध उदाहरण ३१ जानेवारी २०१७ रोजीं घडलें. गिटलॅब ही संगणकाच्या कार्यक्रमांचें लेखन सांभाळणारी कंपनी. रात्रीं उशिरां एक अभियंता दुय्यम यंत्रावरील बिघाड दुरुस्त करीत असतां, तेथील जुनें दप्तर पुसण्याचा हुकूम त्याच्या हातून मुख्य यंत्रावर दिला गेला. एकदोन क्षणांत चूक ध्यानांत येऊन त्यानें तो थांबविला. पण तेवढ्या अवधींत सुमारें ३०० गिगाबाइट नोंदींपैकीं साडेचार गिगाबाइटच काय त्या उरल्या.

तेव्हां राखीव प्रतींचा शोध सुरू झाला. रोजची प्रत जेथें जमा व्हावयाची तें कोठार पाहतात, तों तें रिकामें! दप्तर ठेवणारी यंत्रणा ९.६ या नव्या आवृत्तीची होती, आणि प्रत काढणारें हत्यार चाललें होतें तें ९.२ या जुन्या आवृत्तीचें. दोहोंचें जमेना, म्हणून काम रोज आरंभींच फसत होतें. हा सेवक तक्रार करीत नव्हता असेंही नाहीं. चुकीची वर्दी देणारें पत्र तो पाठवीत होता; परंतु त्या पत्रांवर ओळख पटविणारी योग्य सही नसल्यामुळें टपालव्यवस्था तीं दारांतूनच परत लावीत होती. अखेर हातीं लागली ती, त्याच अभियंत्यानें सुमारें ६ तास आधीं दुसऱ्याच कामासाठीं काढलेली एक प्रत. तिच्यावरून गाडा पुन्हां रुळावर येण्यास सुमारें १८ तास लागले. मधल्या ६ तासांतील सुमारें ५,००० प्रकल्पांच्या नोंदी, ५,००० अभिप्राय आणि ७०० नव्या सभासदांचीं खातीं कायमचीं गेलीं. लोकांनीं लिहिलेले मूळ कार्यक्रम मात्र सुरक्षित राहिले. कंपनीनें कांहीं न लपवितां सारी हकीकत प्रसिद्ध केली, ही गोष्ट तिला भूषणावह होय.

यांतून निघणारे धडे थोडे, पण मोलाचे आहेत. पहिला हा, कीं केवळ अपयशाची वर्दी पुरेशी नाहीं. यशाचीही वर्दी रोज आली पाहिजे, आणि ती ठराविक वेळेपर्यंत न आल्यास कोणीतरी जाऊन पाहिलें पाहिजे. मौन म्हणजे क्षेम नव्हे. दुसरा, प्रतीचा आकार रोज ताडून पाहावा. काल दहा शेर असलेलें पोतें आज छटाकभर भरलें, तर त्यांत धान्य नाहीं हें सांगावयास ज्योतिषी नको. तिसरा, जुन्या प्रती टाकून देण्याचाही नेम असावा, नाहींतर कोठार भरतें आणि नवी प्रत आंत शिरत नाहीं. यासाठीं तीन पिढ्यांची रीत आहे: रोजची प्रत म्हणजे लेक, आठवड्याची म्हणजे बाप, महिन्याची म्हणजे आजा. सात लेक, चार बाप आणि बारा आजे ठेविले, तर अवघ्या तेवीस प्रतींत वर्षभर मागें पाहतां येतें. चौथा, निदान एक प्रत त्या घराबाहेर असावी. आग आणि पूर मूळ कोणतें व नक्कल कोणती हें विचारीत नाहींत.

पांचवा धडा सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत उपेक्षित. प्रत काढली म्हणजे काम झालें असें नव्हे. त्या प्रतीवरून दप्तर पुन्हां उभें राहिलें, म्हणजे काम झालें. महिन्यांतून एकदां दुसऱ्या यंत्रावर तें उभें करून पाहावें. 'आजवर कधीं अडलें नाहीं' या भरंवशावर राहणाऱ्यास आपल्याकडील जुनें उत्तर आहे, कीं विश्वास तर पानपतांतच गेला.

जुन्या यंत्रांच्या बाबतींत आणखी एक दक्षता हवी. हुकूम लिहिणारा मनुष्य केव्हांच नोकरी सोडून गेलेला असतो, आणि मागें राहिलेले लोक त्या ओळीस हात लावण्यास भितात. म्हणून कोणतें काम, किती वाजतां, कशासाठीं आणि कोणाच्या जबाबदारीवर चालतें, याची वही साध्या भाषेंत लिहून ठेवावी, आणि यंत्रणेचा कोणताही भाग बदलला कीं ती उघडून पाहावी.

घरगुती व्यवहारासही हाच न्याय लागू आहे. फोनमधील छायाचित्रें दोन ठिकाणीं दिसतात म्हणून कुटुंबें निश्चिंत असतात. परंतु जेथें एका जागीं पुसलेलें चित्र दुसऱ्या जागींही आपोआप पुसलें जातें, तेथें प्रत नाहीं, केवळ आरसा आहे. आजीचें एकुलतें एक छायाचित्र अशा आरशाच्या हवालीं करूं नये. यंत्र वेळ पाळील, हुकूम पाळील. लक्ष ठेवण्याचें काम मात्र माणसाचेंच आहे, आणि तें कोणत्याही रकान्यांत लिहून यंत्राकडे सोंपवितां येत नाहीं.