नांगराचा दोर

गतवर्षी वैशाखात कर्जतजवळच्या एका जलाशयावर आम्ही पाच जण, त्यांत दोन मुले, लहान नौकेतून विहारास गेलो होतो. नांगर टाकून फराळास बसलो, तोच वळवाचा वारा सुटला आणि नौका नांगरासकट धरणाच्या दगडी उताराकडे सरकू लागली. नांगर उत्तम होता. दोर मात्र विहिरीवरचा, अवघा ८ मीटर, आणि पाणी ५ मीटर!

नांगराचा फाळ आडव्या ओढीने चिखलात रुततो, उभ्या ओढीने उपटतो. म्हणून पाण्याची खोली आणि पाण्यावरील नौकेच्या टोकाची उंची यांच्या बेरजेच्या पाचपट, वारा असल्यास सातपट, दोर सोडावा. काटकोन त्रिकोणाचा कर्ण मी जन्मभर शिकविला. नौकेत तो आठवला नाही.

त्यात आपल्याकडील पाणी ऋतूप्रमाणे बदलते. नवी मुंबईस पाणी पुरविणाऱ्या खालापूरच्या मोरबे धरणाची पातळी पावसाळ्यापूर्वी कशी उतरते, हे आपण वृत्तपत्रांत वाचतोच. वैशाखात जेथे ५ मीटर, तेथेच भाद्रपदात १० मीटर पाणी असू शकेल. दोर भाद्रपदाच्या मापाने घ्यावा.

तो नायलॉनचा, तीनपेडी असावा. ताणला जाऊन तो धक्का सोसतो. पॉलिप्रॉपिलीनचा स्वस्त पडतो, परंतु तरंगतो आणि उन्हाने ठिसूळ होतो. नांगरालगत दोनतीन मीटर साखळी हवीच. तिच्या वजनाने ओढ आडवी राहते व कातळावर दोर झिजत नाही.

त्या दिवशी एका मासेमाराने आपला लांब दोर आमच्या दोरास गाठविला. थोड्याच वेळात नांगराने तळ धरला. आता माझ्यापाशी ६० मीटर नायलॉन आहे, आणि त्याचे दुसरे टोक नांगर टाकण्यापूर्वीच नौकेस बांधलेले असते.