ठसा

भाईंदर पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीत घडलेले स्टीलचे एखादे पातेले उपडे करून पाहिले, तर तळाशी कारखान्याचे नाव दाबून उठविलेले आढळते. ते नाव म्हणजे ठसा, आणि पोलादाच्या ज्या साधनाने ते उठविले तेही मराठीत ठसाच. कर्ता आणि त्याची खूण या दोहोंना एकच नाव देणारा हा शब्द मला फार अर्थपूर्ण वाटतो.

दस्तऐवज नोंदविताना पक्षकार अंगठ्याचा ठसा देतो, गोष्ट मनावर ठसते, आणि सत्कारसभेत तर कोणीही कार्याचा ठसा उमटवून जातो. परंतु हा शेवटचा प्रयोग इतका सैल झाला आहे, की ठसा घडविण्यास किती कठीण धातू आणि किती धीर लागतो, याचे भान त्यात उरलेले नाही.

ते भान मुद्रणकलेत होते. पोलादी कांबीच्या टोकावर कारागीर अक्षर उलटे कोरी, तो ठसा. तो तांब्यात ठोकला म्हणजे अक्षर सुलटे खोल उमटे, ती मातृका. मातृकेत शिशाचा रस ओतला म्हणजे पुन्हा उलटे अक्षर निघे, तो खिळा. आणि खिळ्यावर शाई लावून कागद दाबला, की वाचकापुढे अक्षर अखेर सुलटे येई. मातृका या शब्दात आई आहे, आणि संस्कृतात वर्णमालेलाही मातृकाच म्हणतात, हा योग मला विलक्षण वाटतो. काना, मात्रा, वेलांट्या आणि जोडाक्षरे यांमुळे देवनागरीचे ठसे कोरणे हे रोमन लिपीपेक्षा कितीतरी जिकिरीचे काम होते. मुंबईत 1869 साली जावजी दादाजींनी काढलेल्या निर्णयसागर छापखान्याच्या अक्षरांची जी ख्याती झाली, तिच्यामागे राणोजी रावजी आरू यांचा कोरणारा हात होता. ग्रंथावर मात्र छापखान्याचे नाव येते, ठसे कोरणाऱ्याचे येत नाही, याची मला खंत वाटते.

याहून जुनी हकीकत पेशवाईच्या अखेरची आहे. इंग्रजांचे पुण्यातील वकील चार्ल्स मॅलेट यांच्या आश्रयाने कोरीवकाम शिकलेल्या एका तांबटाकडून नाना फडणविसांनी भगवद्गीता तांब्याच्या पत्र्यांवर कोरवून घेण्याचे मनावर घेतले. नाना 1800 साली निवर्तले, आणि ते काम पुढे मिरजेस गंगाधरराव पटवर्धनांच्या आश्रयाने सिद्धीस जाऊन 1805 साली गीता छापून निघाली. तेथे सुटे खिळे नव्हते. पत्र्यात अक्षर खोल कोरायचे, त्या खाचेत शाई भरायची, वरची पुसून काढायची आणि कागद दाबायचा. कागदावर गीता सरळ वाचता यावी, म्हणून सातशे श्लोकांतील अक्षर न् अक्षर तांब्यावर उलटे कोरावे लागले होते.