ताजमहाल हॉटेल कोणी बांधले?



फाटकसभांत बोलणारा हा कामगारांचा माणूस आज मुंबईच्या ताजमहाल हॉटेलावर बोलणार, याचे आपणांस नवल वाटले असेल. पण श्रीमंतांच्या उतरण्याची ही जागा कामकरी हातांनीच उभी केली आणि त्यांनीच राखली.

तिच्याविषयीची एक कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. म्हणे, विलायती साहेबाने नकाशे दिले, येथल्या गवंड्यांनी इमारत उलटी बांधली, तिची समुद्राकडे पाठ झाली आणि ते पाहून साहेबाने जीव दिला. कथा रंगतदार खरी, पण साफ खोटी! आराखडा केला तो सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा या एतद्देशीयांनी. वैद्य 1900 साली हिवतापाने वारले, तेव्हा उरलेले काम चेंबर्स नावाच्या इंग्रजाने पुरे केले. दरवाजा शहराच्या बाजूस ठेवला तो जाणूनबुजून. गाड्याघोडे तिकडून येत. डिसेंबर 1903 मध्ये हॉटेल उघडले, तेव्हा समोर गेटवे ऑफ इंडिया नव्हतेच. ते पुरे झाले 1924 साली.

आता या कथेतला हिशेब पाहा. चूक गवंड्याच्या माथी, हळहळ साहेबासाठी, आणि वैद्यांचे नाव कोठेच नाही! जमशेटजी टाटांचे नाव आपण घेतो, ते घ्यावेच. भांडवल त्यांचे, दृष्टी त्यांची. पण भांडवलाने दगड आपोआप चढत नाही.

पहिल्या महायुद्धात याच हॉटेलाचे 600 खाटांचे इस्पितळ झाले. पुढे 26 नोव्हेंबर 2008 रोजी अतिरेकी आत शिरले. हॉटेलात 31 माणसे मेली. त्यांत स्वयंपाकघरातली आणि इतर नोकरमंडळीही होती. मागच्या वाटा त्यांना ठाऊक होत्या. स्वतः आधी निघून जाणे त्यांना शक्य होते. पण कित्येकजण पाहुण्यांना वाट दाखवीत मागे राहिले. हे कोणत्या नेमणूकपत्रात लिहिलेले असते?

तेव्हा अपोलो बंदरावर मुलांना घेऊन उभे राहाल, तेव्हा त्या साहेबाची गोष्ट सांगू नका. वैद्यांचे नाव सांगा, मिर्झांचे सांगा, आणि त्या रात्री मागे राहिलेल्या माणसांची गोष्ट सांगा. एवढेच माझे मागणे आहे.