वैद्यकीय संकेतांकन : मुलाखतीची पूर्वतयारी

रुग्णाच्या नोंदीतील निदानाला ठरलेला संकेतांक देणे, हे वैद्यकीय संकेतांकनाचे काम होय. आपल्या शहरांतील कार्यालयांत ते अमेरिकेतील रुग्णालयांसाठीही चालते. तेथे १ ऑक्टोबर २०१५ पासून ‘आयसीडी-१०’ सूची लागू आहे. उमेदवाराने शरीररचना व रोगांची परिभाषा पक्की करावीच. परंतु खरी कसोटी वेगळी असते. बाह्यरुग्णाच्या कागदावर ‘छातीत वेदना, हृदयविकाराचा संशय’ एवढेच असेल, तर काय नोंदवाल? तेथील नियमानुसार फक्त वेदना. संशयालाच निदान मानले, तर नसलेला रोग रुग्णाच्या नावावर चढतो आणि विम्याचा दावाही अडू शकतो. म्हणून शिक्षकांनी पाठांतराबरोबर अशा नोंदींचे वाचनही करवून घ्यावे. लिहिलेले नाही ते गृहीत न धरणे, हीच या कामाची पहिली पात्रता होय.