घाऊक मालाचे ऑनलाइन दुकान कसे बांधावे?

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



मंडळाच्या चालकांनी मला या विषयावर बोलण्याची आज्ञा केली, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. मी व्यापारी नव्हे आणि यंत्रज्ञही नव्हे. जुन्या मॅट्रिकपर्यंत शिकलेला व आयुष्यभर मुलांना गणित शिकवून निवृत्त झालेला मी एक शिक्षक आहे. तथापि शिक्षकाला एक खोड असते. एखादी गोष्ट फार अवघड आहे असे लोक म्हणू लागले, म्हणजे तिचे भाग पाडून पाहावेत आणि तीत खरोखर अवघड किती व केवळ अपरिचित किती हे निवडून काढावे, असे त्याला वाटते. आज मी एवढेच करणार आहे.

नाशिकची तांब्यापितळेची भांडी म्हटली म्हणजे आपल्या तांबट-कासार ज्ञातीचे नाव आपोआप पुढे येते. मठारलेली घागर, घंगाळ, परात, ताम्हण, समई ही आपल्या वाडवडिलांच्या हातची ओळख. स्टेनलेस स्टील घरोघरी आले तेव्हा या धंद्याची एक परीक्षा झाली. तिच्यातून जे टिकले ते आज येथे बसले आहेत. आता दुसरी परीक्षा समोर आहे. परगावचा दुकानदार पूर्वी सिझनच्या आधी नाशिकला येई, भांडीबाजारात चार पेढ्या फिरे, गादीवर बसून चहा घेई आणि माल पसंत करी. त्याचा नातू आज गल्ल्यावर बसतो. तो प्रथम हातातल्या फोनमध्ये पाहतो. तेथे आपला माल दिसला नाही, तर आपण अस्तित्वात आहो हेच त्याला कळत नाही. पिढ्यान्‌पिढ्यांचे गिऱ्हाईक भांडण न होता, निरोपही न घेता निघून जाते.

यावर कोणी म्हणेल, “मग मोठ्या कंपन्यांच्या ऑनलाइन बाजारात माल ठेवावा, झाले!” किरकोळ विक्रीपुरते ते ठीक आहे. परंतु घाऊक व्यवहाराची प्रकृतीच वेगळी आहे, आणि हा भेद नीट समजल्यावाचून पुढे जाता येत नाही.

किरकोळ गिऱ्हाईक एक तांब्या घेतो, छापील किंमत देतो आणि जातो. घाऊक गिऱ्हाईक वर्षानुवर्षे येत राहतो. त्याची किंमत वजनावर ठरते. समजा, पितळेचा दर किलोला ७०० रुपये आहे, घडणावळ किलोला १५० रुपये आहे आणि एका कळशीचे वजन २ किलो ४०० ग्रॅम आहे. धातूचे १६८० आणि घडणावळीचे ३६० मिळून २०४० रुपये झाले. पण जुन्या व्यापाऱ्याला आपण घडणावळ १३० रुपयेच लावतो. त्याला तीच कळशी १९९२ रुपयांना पडते. तो सोबत एक किलो मोड घेऊन आला, तर मोडीची किंमत आणखी वजा होते. धातूचा दर उद्या बदलला, की सगळे गणित पुन्हा मांडावे लागते. शिवाय निम्मा माल आज व निम्मा पंधरा दिवसांनी जायचा असतो, आणि पैसे उधारीवर यावयाचे असतात. एका नगाला एक किंमत असे गृहीत धरून बांधलेल्या दुकानात हा व्यवहार बसावा कसा?

व्यापाऱ्याला व्यापाऱ्याशी जोडण्याचे प्रयत्न नवे नाहीत. आपल्या देशात इंडियामार्ट १९९६ मध्ये सुरू झाले. चीनमधील हांगचौ शहरी १९९९ मध्ये स्थापन झालेल्या अलिबाबाचा आरंभही लहान कारखानदार व परदेशातील घाऊक खरेदीदार यांची गाठ घालून देण्यासाठीच झाला. या संस्थांनी पत्ता सांगण्याचे मोठे काम केले यात संशय नाही. परंतु पत्ता मिळाल्यानंतरचा जो व्यवहार, म्हणजे दर, वटाव, उधारी, रवानगी आणि वसुली, तो प्रत्येक पेढीचा निराळा असतो. त्याची सोय आपली आपण करावयास हवी.

ही सोय कशी करावी, याचे उत्तर आपल्याच हातच्या एका वस्तूत आहे. ती वस्तू म्हणजे पाणी तापवण्याचा तांब्याचा बंब. बंबाला पाण्याचे पोट असते, मधून विस्तवाची नळी जाते, खाली जाळी असते, वर झाकण आणि बाजूला तोटी. तोटी गळू लागली तर आपण तोटी बदलतो. जाळी जळून गेली तर नवी घालतो. त्यासाठी कोणी बंब मोडीत घालत नाही. असे का करता येते? कारण तोटी पोटाला झाळून टाकलेली नसते. ती आट्यांवर बसवलेली असते, आणि आटे ठरलेल्या मापाचे असले म्हणजे दुसऱ्या कारागिराची तोटीही तेथे बसते. संगणकशास्त्रात ज्याला मॉड्युलर रचना म्हणतात, ती याहून निराळी नाही.

आता दुकानाचे भाग पाहू. मालाची यादी हा पहिला भाग. दर काढणे हा दुसरा. गोदामातला साठा, आलेली मागणी, बिल, रवानगी व बिल्टी, पैशाची वसुली आणि गिऱ्हाइकाची खातेवही हे पुढचे. पण भाग पाडावयाचे ते कोठे, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. डेव्हिड पार्नास या संगणकशास्त्रज्ञाने १९७२ मध्ये लिहिलेल्या एका प्रसिद्ध लेखात याचा विचार केला आहे. आधी हे काम, मग ते काम अशा कामाच्या क्रमाने तुकडे पाडू नयेत, असे त्याचे म्हणणे. पुढे काय काय बदलण्याचा संभव आहे ते आधी शोधावे आणि बदलणारी प्रत्येक गोष्ट एकेका भागात कोंडून ठेवावी, म्हणजे ती बदलली तरी इतर भागांना धक्का लागत नाही.

आपल्या धंद्याला हे सूत्र लावून पाहा. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि सगळी बिले बदलली. १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींहून अधिक वार्षिक उलाढाल असणाऱ्या पेढ्यांना व्यापाऱ्यांच्या बिलांसाठी ई-इनव्हॉइस सक्तीचे झाले. २२ सप्टेंबर २०२५ पासून कराचे टप्पेच बदलले आणि बारा टक्क्यांचा टप्पा जवळजवळ नाहीसा झाला. सरकारने नियम बदलले. कळशीचे वजन मात्र बदलले नाही. तिचे चित्र, तिचा घेर, तिच्यात मावणारे पाणी जसेच्या तसे राहिले. ज्याच्या दुकानात यादी, दर आणि कर ही एकाच गोळ्यात मळलेली असतील, त्याला प्रत्येक वेळी सगळे दुकान उकलावे लागेल. ज्याने कराचा हिशेब वेगळा ठेवला, तो तेवढाच भाग बदलून दुसऱ्या दिवशी पेढी उघडील. धातूचा दर रोज बदलतो, म्हणून तो आणखी एका वेगळ्या भागात. घडणावळ माणसागणिक बदलते, म्हणून ती गिऱ्हाइकाच्या खात्यात. भाग पाडण्याची ही खूण लक्षात ठेवावी.

भाग पाडल्यावर ते जोडावे लागतात, आणि खरी कसोटी तेथेच आहे. आपल्याच जिल्ह्यातील मनमाड जंक्शनचे उदाहरण घ्या. मुंबईकडून येणारी रेल्वे ब्रॉडगेज होती आणि औरंगाबादकडे जाणारी मीटरगेज. दोन्ही रेल्वे आपापल्या परीने चांगल्या. पण रुळांचे माप निराळे, म्हणून माल मनमाडला एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात भरावा लागे. त्यात वेळ जाई, हमाली जाई आणि फूटतूटही होई. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात त्या मार्गाचे रुंदीकरण झाले आणि हे विघ्न टळले. आपल्या पेढ्यांत आज हेच चालते. फोनवर आलेली मागणी वहीत, वहीतली बिलात आणि बिलातली पुन्हा टॅलीत उतरवतात. प्रत्येक उतरवण्यात एक मनमाड आहे! एकाच भांड्याला एक जण “कळशी नंबर तीन” म्हणतो, दुसरा “मोठी कळशी” म्हणतो, तिसरा नुसते वजन सांगतो. यास्तव पहिले काम म्हणजे प्रत्येक वस्तूला एक ठरलेला क्रमांक, एक नाव आणि एक माप देणे. तांब्यापितळेच्या घरगुती भांड्यांना करासाठी ७४१८ हा क्रमांक आहेच. परंतु तो सबंध कुळाचा. त्याखाली प्रत्येक भांड्याचे नाव आपण ठरवावयाचे आहे.

माप ठरले म्हणजे काय घडते, हे आपण पैशाच्या बाबतीत पाहिले आहे. २०१६ मध्ये यूपीआय सुरू झाले. देणाऱ्याची बँक एक, घेणाऱ्याची दुसरी, फोनमधले अॅप तिसऱ्याच कंपनीचे. तरीही पैसे पोचतात, कारण सर्वांनी एकच बोली मान्य केली आहे. हेच तत्त्व विक्रीला लावण्याच्या हेतूने ३१ डिसेंबर २०२१ रोजी ओएनडीसी ही संस्था स्थापन झाली. खरेदीदार एका अॅपवर, विक्रेता दुसऱ्यावर आणि माल पोचविणारा तिसऱ्याकडचा, अशी तिची रचना आहे. तिला पुढे किती यश येते ते काळ ठरवील. तथापि आपला माल तेथे किंवा अन्यत्र मांडावयाचा झाला, तरी नीट केलेली यादी आपल्यापाशी असल्याखेरीज काहीच मांडता येणार नाही.

आता काही शंकांचा विचार करू. पहिली शंका खर्चाची. लहान पेढीने एवढे भाग कोठून आणावेत? सगळे भाग नव्याने घडवावे लागत नाहीत. मुंबईच्या फ्रॅपे या कंपनीने तयार केलेली ईआरपीनेक्स्ट ही आज्ञावली सर्वांना खुली आहे. तीत साठा, विक्री, हिशेब यांचे खण आधीच पाडलेले आहेत. पैसे स्वीकारणे आणि माल पोचविणे ही कामे तर भाड्यानेच घ्यावीत. मात्र अति तेथे माती, हेही ध्यानात असावे. दहा भागांचे दहा मालक झाले, तर बिघाड कोठे आहे हे शोधण्यातच दिवस जाईल. आरंभी दुकान एकच असावे, आतले खण मात्र स्वच्छ असावेत.

दुसरी शंका अधिक नाजूक आहे. “आमची यादी सर्वांपुढे ठेवली, तर शेजारचा आमचे गिऱ्हाईक पळवील.” ही भीती मी उपहासाने उडवून लावणार नाही. तिला उत्तर भागांच्या रचनेतच आहे. वस्तूचे नाव, चित्र, वजन, माप एवढेच सामाईक असावे. दर, घडणावळ, उधारीची मुदत आणि खातेवही ज्याची त्याच्या कुलपात राहावी. किंबहुना एक नियम मी आग्रहाने सांगेन : काहीही भाड्याने घ्या, पण यादी आणि खातेवही दुसऱ्याच्या हाती देऊ नका. दुसऱ्याच्या बाजारात वर्षानुवर्षे कमावलेली पत तो बाजार सोडताना बरोबर नेता येत नाही. आपली वही आपल्यापाशी असेल, तर बाजार बदलला तरी पेढी उभी राहते.

तिसरी शंका उधारीची. संगणकाने उधारी बुडण्याचे थांबत नाही, हे खरे. पण माल कोणत्या दिवशी पोचला याची नोंद राहते. लघुउद्योगांसाठी २००६ मध्ये झालेल्या कायद्याने नोंदणी केलेल्या लहान उत्पादकाचे पैसे ठरलेल्या मुदतीत, आणि कसेही झाले तरी ४५ दिवसांच्या आत, देण्याचे बंधन खरेदीदारावर घातले आहे; उशीर झाल्यास चक्रवाढ व्याज लागते. हा हक्क सांगण्यास तारखेचा पुरावा लागतो. तो पुरावा तोंडी व्यवहारात मिळत नाही.

शेवटी कार्याची गोष्ट. मेल्विन कॉन्वे नावाच्या गृहस्थाने १९६८ मध्ये असे दाखवून दिले, की माणसांच्या गटात परस्परांशी बोलणे जसे असते, तशीच रचना त्यांच्या हातून घडलेल्या यंत्रणेत उतरते. आपण चार पेढ्या एकमेकींशी बोललो नाही, तर आपल्या दुकानाचे चार भागही एकमेकांशी बोलणार नाहीत. म्हणून माझी विनंती अशी आहे. यंदा एवढेच करावे : घरोघरच्या भांड्यांची वजन-माप-चित्रासह एक यादी करावी. कारागिराने नाव सांगावे, घरातील लेकी-सुनांनी वजन करून लिहून घ्यावे आणि कॉलेजात शिकणाऱ्या मुलांनी ते संगणकावर चढवावे. अनेक घरांत पेढीचा हिशेब आज सुनाच पाहतात. त्यांना या कामात मागे ठेवू नये. पुढील वर्षी मागणी व दर यांचे भाग जोडावेत आणि नंतर खातेवही. एक भाग चालू लागला, की मगच दुसऱ्यास हात घालावा.

या यादीचा एक लाभ धंद्याच्या पलीकडचा आहे. भांड्यांची कितीतरी नावे आज वृद्ध कारागिरांच्या जिभेवरच उरली आहेत. ती लिहिली गेली नाहीत, तर त्यांच्याबरोबर जातील. आणि ज्या वस्तूला नाव उरले नाही, तिला मागणी करणारा कोठून येणार? आपली मुले धंदा सोडून जातात, त्याला पैशाचे कारण आहेच. परंतु धंदा जुन्या वहीत आणि वडिलांच्या डोक्यात अडकलेला आहे, त्यात आपल्याला शिरकाव नाही, हेही एक कारण आहे. भाग पाडून मांडलेले दुकान त्यांना हाताळता येईल आणि एखादा भाग आपला म्हणून सांभाळता येईल.

बंब घडविणाऱ्या हातांना ही रचना परकी नाही. नाव नवे आहे, कसब आपले जुनेच आहे.