संत्र्याचा न्याय्य भाव
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी काही भाषण करणारी बाई नव्हे. माझे शिक्षण सातवीपर्यंत. वर्गणीची वही सांभाळायची आणि हळदीकुंकवाला वाण वाटायचे, एवढेच माझे मंडळातले काम. पण यंदा चिटणीसबाई म्हणाल्या, "तुमचे माहेर काटोलकडचे, तेव्हा संत्र्यावर तुम्हीच बोला." म्हणून उभी राहिले आहे. चुकलेमाकले सांभाळून घ्यावे.

नागपूरच्या बायकांना संत्र्याचे कौतुक काय सांगायचे? भोसल्यांच्या काळात हे झाड इकडे आले असे म्हणतात. 2014 साली आपल्या संत्र्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. परगावी जाताना आपण संत्रा बर्फीचा डबा घेतल्याशिवाय निघत नाही. पण ज्याच्या बगीच्यात हे फळ पिकते त्याच्या घरात काय उरते, हे आपण विचारत नाही. मी तर त्याच घरातली, पण लग्न होऊन शहरात आले आणि मीही विचारेनाशी झाले.

माझ्या बाबांचा बगीचा तीन एकरांचा, तीनशेच्या आसपास झाडे. कलम लावल्यावर फळ धरायला पाच वर्षे जातात. तोवर नुसते पाणी, खत आणि राखण. पुढे आंबिया बहार घ्यायचा तर थंडीत झाडाचे पाणी तोडून त्याला ताण द्यायचा, पाने मलूल झाली की पाणी सोडायचे, मग फुले येतात. मृग बहार पावसावर फुलतो आणि त्याची फळे माघ-फाल्गुनात उतरतात. फुलापासून फळापर्यंत आठ-नऊ महिने! आपल्या बायकांना हा हिशेब वेगळा समजवायला नको. एवढ्या दिवसांत कोळशी पडते, फळगळ होते, गारा येतात. भीती सगळी मालकाची.

म्हणून लहान शेतकरी बगीचा झाडावरच उक्ता देतो. व्यापारी येतो, झाडे बघतो, अंदाजाने आकडा ठरवतो, थोडा इसार देतो. बाकीचे पैसे फळ उतरल्यावर. सगळेच व्यापारी वाईट नसतात, शब्दाला जागणारेही आहेत. पण भाव पडला की कित्येकदा तो शब्दही पडतो.

मी सातवीत होते त्या सालची गोष्ट. मृगाची संत्री चांगली लागली होती. आमच्या गावची शाळा सातवीपर्यंतच. आठवीला तालुक्याला जायचे, म्हणजे बसचा पास, नवा पोशाख, पुस्तके. बाबा म्हणाले, "संत्र्याचे पैसे आले की तुझे नाव घालू." व्यापाऱ्याने फळ तोडून नेले आणि राहिलेले पैसे अक्षय तृतीयेला देतो म्हणाला. अक्षय तृतीया गेली, जून उजाडला, शाळा भरली. बाबा चारदा त्याच्याकडे जाऊन आले. चौथ्या खेपेला परत आले ते ओसरीवर बसून राहिले, आणि आईने मला त्यांच्यासमोर जाऊ दिले नाही. "पुढच्या वर्षी घालू," एवढेच ती म्हणाली. ते पुढचे वर्ष आलेच नाही. तेव्हा भगिनींनो, मी सातवीपर्यंत का शिकले याचे कारण माझे डोके नव्हे, न आलेले पैसे हे आहे.

आता माझी मुलगी कॉलेजात आहे. तिने मला न्याय्य व्यापाराची माहिती वाचून दाखवली. 1988 साली हॉलंडमध्ये मेक्सिकोच्या लहान शेतकऱ्यांच्या कॉफीवर एक चिन्ह लावून विकायला सुरुवात झाली. वेस्ट इंडीजमध्ये विंडवर्ड नावाची लहान बेटे आहेत. तिथले केळी पिकवणारे लहान शेतकरी मोठ्या मळ्यांपुढे टिकेनात. 2000 सालापासून त्यांची केळी याच चिन्हाखाली इंग्लंडात जाऊ लागली. यात दोन गोष्टी मुख्य. बाजार कितीही पडला तरी ठरलेल्या भावाखाली जायचे नाही. आणि मालाच्या किमतीवर थोडी जादा रक्कम शेतकऱ्यांच्या संघाला द्यायची, ती कशावर खर्च करायची हे सभासदांनी सभेत बसून ठरवायचे. त्यातून शाळेची, रस्त्याची, दवाखान्याची कामे होतात. आपल्या मंडळाच्या शिलकेचे आपण ठरवतो, तसेच ना?

आपल्याकडेही हे अगदीच नवे नाही. आणंदला 1946 साली दूध उत्पादकांचा संघ झाला, आणि दूध मोजून, तपासून, वेळेवर पैसे मिळू लागल्यावर हजारो घरे सावरली. महाराष्ट्रात 2016 च्या जुलैत फळे-भाजीपाला बाजार समितीच्या आवाराबाहेर विकायला मोकळीक मिळाली, आणि अडत शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यावी असे ठरले. पण नुसत्या कायद्याने भाव टिकत नाही. आपली पुष्कळ संत्री बांगलादेशात जात. तिथल्या सरकारने 2019 नंतर आयातशुल्क वाढवत नेले, तिकडे जाणारा माल घटला आणि इथे भाव कोसळला. ढाक्याला कर वाढतो आणि काटोलच्या पोरीची फी थांबते, असा हा व्यवहार आहे.

म्हणून गेल्या आंबियाला आपण मंडळातल्या चाळीस घरांनी माझ्या भावाकडून आणि त्याच्या दोन शेजाऱ्यांकडून थेट संत्री घेतली. भाव दसऱ्यालाच ठरवला. माल तोलून घेतला आणि पैसे त्याच दिवशी दिले. सगळे गोड झाले असे मी म्हणणार नाही. एका खेपेला खालच्या कॅरेटमध्ये फळे दबून नासली. एक भगिनी म्हणाल्या, "गाडीवाला याहून स्वस्त देतो," आणि त्या आठवड्यात ते खरेही होते. चुरी, म्हणजे बारीक फळ, कोणी घेईना. मग आपण बसून ठरवले की नासलेले फळ शेतकऱ्याने बदलून द्यायचे, आणि चुरी आपण रसासाठी वेगळ्या भावाने घ्यायची. दोन्हीकडून नियम पाळले गेले.

चाळीस घरांनी तीन बगीचे खपत नाहीत, हे मला कळते. माझ्या भावाचा बहुतेक माल अजूनही कळमन्यालाच जातो. पण वहिनी मला काय म्हणाली ते ऐका. "वन्सं, पैसे जास्त मिळाले असे नाही, पण कधी मिळणार ते ठाऊक होते. म्हणून मी पोरीच्या वसतिगृहाचे पैसे मुदतीत भरले. उसने मागायला कोणाच्या दारी जावे लागले नाही."

मला वाटते, न्याय्य भाव तो हाच. दया म्हणून दोन रुपये जास्त देणे नव्हे. आधी भाव बोलावा, माप खरे असावे, बोललेला भाव फिरवू नये आणि पैसे वेळेवर द्यावेत. हे करायला कॉलेजात जावे लागत नाही, सातवी पुरते.

तेव्हा माझी विनंती अशी. यंदाही दसऱ्याला भाव ठरवूया, आणि चाळीसाची साठ घरे करूया. किलोमागे एक रुपया वेगळा काढून त्या तीन घरांतल्या बायकांच्या हाती देऊया. तो कशाला वापरायचा ते त्यांनी ठरवावे. नावनोंदणीची वही माझ्याकडेच आहे. आज जाताना नाव लिहून जावे.